जेट स्कीचा क्रँक कुणाकडून बांधून घ्यावा? पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

मे संपत आला की किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद होतात, मशिनं शेडमध्ये चढतात आणि सीझनभर लाटांच्या आवाजात दबलेली इंजिनाची टकटक पहिल्यांदा नीट ऐकू येते. प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकावरचं जड चाक, हाताने फिरवावं तर आत खरखर लागते. मेकॅनिक कान लावतो आणि म्हणतो, ‘क्रँक गेला.’ क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीतून गोल फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. नवीन माणूस इथेच गडबडतो. तारकर्ली, देवबाग, मालवण, अलिबाग, गोव्याचा बागा-कळंगुट पट्टा, सगळीकडे जुनी जेट स्की विकत घेऊन धंद्यात उतरलेली तरुण मुलं आहेत. त्यांना मशीन चालवता येतं, पाणी मागे फेकणारा पंप उघडता येतो, पण क्रँक कुणाच्या हातात द्यायचा हे सांगणारं कुणी नसतं. मग जो आधी ‘हो’ म्हणेल त्याला दिला जातो, आणि ऑक्टोबरमध्ये गर्दी सुरू झाल्यावर तोच क्रँक पुन्हा जातो.

(‘जेट स्की’ हे खरं तर कावासाकीचं नाव. पण किनाऱ्यावर यामाहा असो की सी-डू, सगळ्यांना जेट स्कीच म्हणतात. मीही तेच म्हणतो.)

पायरी १ : आपलं इंजिन कोणतं आहे?

टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक या दोन्हींच्या क्रँकचं काम पूर्ण वेगळं आहे. दुकान निवडण्याआधी हे स्पष्ट हवं.

यामाहाचं ७०१ सीसी, कावासाकीचं ७५०, सी-डूची रोटॅक्स ७१७, ७८७, ९५१ ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं. यांचा क्रँक एकसंध नसतो. लोखंडी चकत्या म्हणजे वेब, त्यांत दाबून बसवलेल्या पिना, पिनांवर सुईबेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), बाजूंना मेन बेअरिंग. हे सगळं प्रेसखाली दाबून एकत्र केलेलं असतं. नट-बोल्ट एकही नाही. म्हणून तो उघडता येतो, रॉड किट टाकता येतं आणि पुन्हा दाबून सरळ करता येतो. ‘क्रँक बांधणं’ म्हणतात ते हेच.

फोर-स्ट्रोकची मोठी लाट २००२ च्या सुमारास आली. यामाहाच्या एफएक्स १४० मधलं आणि सी-डूचं फोर-टेक ही त्या वेळची इंजिनं. या इंजिनांत एकसंध क्रँक असतो आणि तो तेलाच्या थरावर शेल बेअरिंगमध्ये, म्हणजे दोन अर्धगोल पात्यांमध्ये, फिरतो. त्याला प्रेस लागत नाही. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरने मोजायचं, पॉलिश करायचं किंवा ग्राइंड करायचं आणि नवे शेल टाकायचे. पण ग्राइंड करायच्या आधी एक गोष्ट विचारा : त्या इंजिनासाठी अंडरसाइज शेल, म्हणजे घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारे, मिळतात का? ट्रॅक्टरचे, ट्रकचे सहज मिळतात, जेट स्कीचे मिळतीलच असं नाही. शेल हातात आल्याशिवाय जर्नलला दगड लावू देऊ नका. एकदा घासलेलं लोखंड परत येत नाही.

पुढचं सगळं मुख्यतः टू-स्ट्रोकबद्दल आहे. आपल्याकडे फसगत तिथेच जास्त होते.

पायरी २ : क्रँक का गेला, ते आधी शोधा

दुकानाच्या आधी हे लिहितोय, कारण मूळ कारण तसंच राहिलं तर जगातला उत्तम कारागीरही तुमचं इंजिन वाचवू शकत नाही.

प्लग काढा. पिस्टन साधारण अर्ध्या वाटेवर आणा, एका प्लगच्या भोकातून स्वच्छ लाकडी काडी पिस्टनवर टेकवा आणि फ्लायव्हील हलकेच मागेपुढे करा. फ्लायव्हील हललं आणि काडी लगेच हलली नाही, मध्येच बारीक ‘टक्’ लागली, तर रॉडच्या खालच्या किंवा वरच्या टोकाला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. खरखर लागत असेल तर मेन बेअरिंगवर संशय. कपलर (इंजिन आणि पंपाचा शाफ्ट जोडणारा भाग) काढून पुन्हा फिरवा, कारण कधी कधी आवाज इंजिनाचा नसून मागच्या शाफ्ट-बेअरिंगचा असतो.

मग कारण. आमच्या भागात चार कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं, खारं पाणी आत जाऊन तसंच राहणं. मशीन उलटलं, पाणी शिरलं, काढलं, चालू झालं, म्हणून विसरलो. सुईबेअरिंगवर गंजाचा एक ठिपका पुरतो. दुसरं, पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवून मशीन झाकणं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. कोकणातल्या जून-जुलैत याचा अर्थ काय, हे सांगायला नको. तिसरं, तेल कमी पडणं किंवा मिश्रण पातळ होणं. तेलपंप बंद करून मिक्स, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून, चालवणारा एखाद्या दिवशी मिक्स करायला विसरतो, किंवा कार्ब्युरेटरची जाळी चोंदते. नव्वदच्या दशकातल्या सी-डूत करड्या रंगाच्या पेट्रोलच्या नळ्या असत, त्या आतून हिरवा चिकट थर सोडतात आणि तो थेट कार्ब्युरेटरच्या जाळीत जाऊन बसतो. अशा नळ्या दिसल्या तर क्रँकसोबत त्याही बदला.

चौथं कारण म्हणजे दोर. देवबागच्या संगमाजवळ पाणी उथळ, जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात. एक तुकडा पंपात ओढला गेला की इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, जागच्या जागी थांबतो. क्रँकचं मागचं टोक थांबलं, पण पुढचं जड फ्लायव्हील अजून सहा हजार आरपीएमच्या वेगात आहे. दाबून बसवलेली पिन अशा वेळी वेबमध्ये किंचित फिरते. याला क्रँक ‘ट्विस्ट’ झाला म्हणतात. रॉड ठीक, बेअरिंग ठीक, आवाजही फारसा नाही, आणि तरी क्रँक बिघडलेला. दोर अडकून इंजिन झटक्यात बंद पडलं असेल तर ते कारागिराला आवर्जून सांगा.

पायरी ३ : बांधायचा, बदलून घ्यायचा की नवा?

नवा कंपनीचा क्रँक सर्वांत निर्धास्त, आणि सर्वांत महाग. जुन्या मॉडेलांचे आता मिळणंही अवघड होत चाललंय. हॉट रॉड्ससारख्या कंपन्यांचे तयार क्रँक काही इंजिनांसाठी मिळतात.

अमेरिकेत बदली पद्धत चालते. तुम्ही जुना क्रँक पाठवता, ते आधीच बांधून ठेवलेला दुसरा पाठवतात, आणि जुना परत येईपर्यंत काही रक्कम अनामत ठेवून घेतात. तिथल्या माणसाला हे सोयीचं आहे. इथून जड लोखंड विमानाने परत पाठवायचं, कस्टम्सचे कागद करायचे, यात अनामत रकमेपेक्षा जास्त खर्च होऊ शकतो. म्हणून ती रक्कम गेलीच असं धरून हिशेब करा. शिवाय येणारा क्रँक दुसऱ्या कुणाचा तरी असतो, तो आधी किती वेळा उघडलाय हे कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वेब शाबूत असतील, म्हणजे जळून निळे पडलेले नसतील, गंजाने खड्डे पडलेले नसतील, टोकाचा टेपर (निमुळता भाग) आणि चावीचा खाचा चांगला असेल, तर आपलाच क्रँक चांगल्या माणसाकडून बांधून घ्यावा. त्या माणसाला मॅन्युअल देता येतं, प्रश्न विचारता येतात, समोर उभं राहून पाहता येतं.

पायरी ४ : माणूस कुठे शोधायचा?

जेट स्कीचं क्रँक दुकान अशी पाटी तुम्हाला आपल्याकडे सहसा दिसणार नाही. पण विद्या आपल्याकडे आहे. १९८५ साली आलेली आरएक्स १००, त्याआधीच्या येझदी, स्कूटर, टू-स्ट्रोक रिक्षा, या सगळ्यांचे क्रँक प्रेसखालीच बांधले जायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्या-मुंबईच्या जुन्या बोअरिंगवाल्यांकडे, गोव्यातल्या काही लेथ वर्कशॉपमध्ये आयुष्यभर हे काम केलेली माणसं अजून बसलेली आहेत.

फक्त एक फरक लक्षात घ्या. आरएक्स १०० ला एकच सिलिंडर. तिथे दोन वेब आणि एक पिन सरळ आली की काम झालं. जेट स्कीला दोन किंवा तीन सिलिंडर. तिथे पिना एकमेकींशी ठराविक कोनातही बसाव्या लागतात. म्हणून मी दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारतो : ‘काका, राजदूत ३५० चा क्रँक बांधलाय का कधी?’ ती गाडी म्हणजे यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, पिना १८० अंशांत, मध्ये लॅबिरिंथ सील. यामाहा ७०१ च्या क्रँकची रचना जवळजवळ तशीच आहे. ज्याने तो क्रँक नीट बांधलाय, त्याला तुमचा क्रँक परका वाटणार नाही. आणि ज्याला लॅबिरिंथ म्हणजे काय हे सांगावं लागतं, त्याच्याकडून चहा पिऊन परत या.

(टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडरखालचा क्रँककेसचा कप्पा वेगळा बंद असावा लागतो. दोन कप्प्यांमधली भिंत म्हणजे तो मधला सील. तो घासला की एका सिलिंडरचं मिश्रण दुसऱ्यात जातं, आणि ट्यूनिंग कितीही केलं तरी जमत नाही. क्रँक उघडल्याशिवाय तो बदलता येत नाही, म्हणून उघडलाय तेव्हाच त्याची झीज पाहायला सांगा.)

पायरी ५ : तो काय मोजतो, ते पाहा

दुकान स्वच्छ आहे का, दर किती, हे नंतर. आधी डायल गेज, म्हणजे सुईवर बारीक फरक दाखवणारं मापयंत्र, कुठे आहे ते बघा.

उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मी पूर्ण दुपार उभा राहिलोय. क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या आधारांवर, आडवा ठेवलेला. डायलची सुई मेन बेअरिंगच्या जागेवर टेकवलेली. कारागीर एका बोटाने क्रँक फिरवत होता, दुसऱ्या हाताने वेबवर खडूची खूण करत होता. सुई जिथे सर्वांत वर गेली तिथे खूण. मग तांब्याच्या हातोड्याचा एकच घाव, वाटला त्यापेक्षा जोरात. पुन्हा फिरवला. सुई आधी नऊ घरं जात होती, आता पाच. मग दोन वेबच्या मध्ये पाचर घालून किंचित फाकवलं. पुन्हा फिरवला. तीन. पुन्हा. दोन. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. दोन घरांवर आल्यावर त्याने हातोडा ठेवला आणि पहिल्यांदा आमच्याकडे पाहिलं.

हा आकडा, म्हणजे फिरताना क्रँक सरळ रेषेपासून किती हलतो, तो ‘आउट’. बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते, जागेनुसार थोडी कमी-जास्त. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचं ते पान छापून सोबत न्या. चांगला माणूस ०.०२ ते ०.०३ वर आणून देतो. जो म्हणतो ‘हाताने फिरवून बघितला, एकदम सरळ आहे’, त्याला देऊ नका. माणसाचा केससुद्धा साधारण ०.०५ मिमीपेक्षा जाड असतो, डोळ्याला हे दिसत नाही.

मोटारसायकलला गिअर असतात, रस्त्यावर वेग सारखा कमी-जास्त होतो. जेट स्कीत क्लच नाही, गिअर नाही, क्रँकला थेट इम्पेलर जोडलेला, आणि ग्राहक बसला की थ्रॉटल पूर्ण दाबलेलं. लाटेवरून उडाली की पंपात हवा शिरते, इंजिन एकदम सुटतं, खाली पाण्यात आपटलं की पुन्हा एकदम भार. बाइकमध्ये खपून जाणारा आउट इथे महिनाभरही टिकत नाही.

दुसरं मोजमाप कोनाचं. दोन सिलिंडरला १८० अंश, तीनला १२०. याबद्दल आम्हाला महागात पडलेला अनुभव सांगतो. एका वर्कशॉपने आमचा ७०१ चा क्रँक बांधून दिला, आउट अगदी उत्तम होता. इंजिन बसवलं, आठ-दहा तास चाललं आणि मागच्या पिस्टनला मधोमध भोक. कार्ब्युरेटर तपासला, नळ्या तपासल्या, सगळं ठीक. शेवटी डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणांची चकती, लावलं तेव्हा कळलं, मागची पिन जवळजवळ चार अंशांनी चुकली होती. ठिणगीची वेळ पुढच्या फ्लायव्हीलवरून ठरते. मागचा पिस्टन चार अंश मागे राहिला की त्याच्यासाठी ठिणगी चार अंश लवकर पडते. मग नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका), मग भोक. तो क्रँक दोर अडकून ट्विस्ट झालेला होता. आम्ही तसं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कोन पाहिला नव्हता.

म्हणून सरळ विचारा : ‘कोन कसा तपासता?’ उत्तर जिग (कोन पक्का धरणारा साचा) असेल, डिग्री व्हील असेल, काहीही असेल, पण काहीतरी ठोस पद्धत असली पाहिजे.

तिसरं, रॉडची बाजूची मोकळीक. वेब दाबताना रॉड आणि वेबमध्ये फीलर गेजची पाती घालून ती ठरवतात. कमी राहिली तर रॉड तापतो. हेही मॅन्युअलप्रमाणेच.

वेल्डिंगबद्दल मतभेद आहेत. पिन वेबला बाहेरून टाके मारून पक्की केली की ट्विस्ट होत नाही, शर्यतीच्या इंजिनांत ते करतातच. पण पुढच्या वेळी क्रँक उघडताना ते टाके कापावे लागतात, आणि अडाण्याच्या हाती वेल्डिंग गेलं तर उष्णतेने क्रँक वाकतो. जाळ्यांच्या पाण्यात भाड्याने चालणाऱ्या मशीनला मी वेल्डिंग करून घेतो, पण ट्रू, म्हणजे सरळ, केल्यानंतर, आणि वेल्डिंगनंतर पुन्हा डायल लावायला सांगूनच. पिन वेबमध्ये सैल बसत असेल, म्हणजे प्रेसला फार जोर लागलाच नाही असं दिसलं, तर वेल्डिंग हा उपाय नाही. तो वेब बाद.

पायरी ६ : पार्ट कोण आणणार?

शक्य असेल तर रॉड किट आणि बेअरिंग स्वतः मागवा. प्रोएक्स, डब्ल्यूएसएम यांची किट बऱ्याच इंजिनांसाठी मिळतात. रॉड, पिन, खालचं-वरचं सुईबेअरिंग आणि वॉशर एकत्र येतात. ‘बेअरिंग मी बाजारातलं त्याच नंबरचं टाकतो’ असं ऐकलं तर थांबा. बऱ्याच क्रँकच्या मेन बेअरिंगला बाहेरच्या कड्यावर खुंटीसाठी भोक असतं. त्या खुंटीमुळे बेअरिंग क्रँककेसमध्ये फिरत नाही. साध्या बेअरिंगला ते नसतं. आतली मोकळीकही वेगळी लागते, सी ३ किंवा सी ४. शिवाय बाजारात डुप्लिकेट बेअरिंग भरपूर आहेत. ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. दोन्ही टोकांची ऑइल सील नवीच. सी-डूच्या रोटरी व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत सोडणारी फिरती चकती असलेल्या) इंजिनात क्रँकच्या मधल्या गिअरचे दात आणि त्याच्यासमोरचा शाफ्ट, दोन्ही भिंगाखाली पाहायला सांगा.

बोलणी करताना मजुरी, पार्ट आणि वेल्डिंग वेगवेगळं लिहून घ्या. बिलासोबत एक चिठ्ठी मागा : कोणत्या जागी किती आउट, कोन किती, रॉडची मोकळीक किती. चांगला कारागीर हे आनंदाने लिहून देतो, कारण हे त्याच्या हाताचं कौतुक आहे. गॅरंटीची मुदत विचारण्यापेक्षा गॅरंटीत काय धरत नाहीत ते विचारा. पाणी शिरणं, तेल कमी पडणं आणि दोर अडकणं कुणीच धरत नाही, आणि ते रास्तच आहे.

पायरी ७ : पाठवणं आणि परत आल्यावर तपासणं

दुकान दूर असेल तर क्रँक गोणपाटात गुंडाळून पार्सलला देऊ नका. एका टोकावर आपटला की दोन घरांचा आउट दहा घरं होतो, आणि मग कारागीर म्हणणार मी सरळ दिला, तुम्ही म्हणणार वाकडा आला. लाकडी पेटी करा, मेन बेअरिंगखाली आधार द्या, रॉड हलणार नाहीत असे बांधा, सगळ्याला भरपूर तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. पाठवण्याआधी दोन्ही वेबवर आडवी रेघ ओढून फोटो काढा. शक्य असेल तर स्वतः घेऊन जा. मालवणहून कोल्हापूर एका दिवसात जाऊन येता येतं.

परत आल्यावर घाईत बसवू नका. व्ही-ब्लॉक आणि डायल जवळच्या लेथवाल्याकडे मिळतील, तासभर मागून घ्या. चिठ्ठीवरचे आकडे स्वतः पडताळा. प्रत्येक रॉड वर उचलून सोडा, तो अडकल्याशिवाय पडला पाहिजे. वर-खाली ओढून प्ले लागता कामा नये, आडवी हालचाल थोडी असते ती चालते. बेअरिंगच्या खुंट्या आणि मधल्या सीलची खुंटी मोजून घ्या, बसवताना प्रत्येक खुंटी केसच्या खाचेत बसली का ते टॉर्च मारून पाहा. एक जरी बाहेर राहिली आणि वरून केसचे बोल्ट आवळले, तर बेअरिंगचं कडं चेपतं.

इंजिन जोडलं की पाण्यात नेण्याआधी हवेची चाचणी. इनटेक आणि एक्झॉस्ट रबर पट्ट्यांनी बंद करा, सायकलच्या पंपाने आणि छोट्या गेजने सहा ते आठ पीएसआय भरा आणि दहा मिनिटं थांबा. काटा खाली आला तर साबणाचं पाणी लावून कुठून फेस येतो ते शोधा. सीलमधून हवा ओढणारं इंजिन मिश्रण पातळ करतं आणि नवा क्रँक त्याच वाटेने जातो. कपलरची अलाइनमेंटही याच वेळी पाहा. ती चुकली तर मागचं बेअरिंग आणि सील सर्वांत आधी जातात.

पहिल्या टाकीला तेलपंप चालू ठेवूनही पेट्रोलमध्ये ५० ला १ तेल घालतो. पहिल्या काही तासांत पूर्ण थ्रॉटल नाही आणि एकाच वेगावर फार वेळही नाही. ग्राहक तर अजिबात नाही, आपणच चालवायची. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर प्लग काढून पुन्हा काडी लावा, फ्लायव्हील मागेपुढे करा, आणि ती आकड्यांची चिठ्ठी मशीनच्या फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या वेळी क्रँक उघडेल तेव्हा कारागीर पहिल्यांदा तीच मागेल.